हॉट टब घेताना पोट उघडून बघा: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंप दुरुस्त करता करता मी टबांच्या कामात आलो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांपासून कर्जत-मुरबाडच्या फार्महाउसांपर्यंत फिरणं होतं आणि फोनवर तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकदाचे लिहून ठेवतोय. मी टब विकत नाही. विकलेले टब दुरुस्त करतो, त्यामुळे माझी नजर थोडी वाकडी आहे, हे धरूनच वाचा.

शोरूममधला माणूस ‘जकूझी’ म्हणतो. हॉट टब म्हणजे तेच ना?

घोळ इथूनच सुरू होतो. जकूझी हे इटलीहून अमेरिकेत गेलेल्या भावांचं आडनाव. हे लोक पंप बनवायचे. घरातल्या एका मुलाला संधिवात होता, त्याच्यासाठी १९५६ साली त्यांनी साध्या बाथटबात सोडायचा पंप काढला. १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जकूझी यांनी जेट, म्हणजे पाण्याचा जोरदार झोत सोडणारी तोंडं, थेट टबाच्या भिंतीत बसवले. म्हणजे मुळात ही पंपवाल्यांची वस्तू, बाथरूमवाल्यांची नव्हे. हे सांगायला मला फार आवडतं.

आपल्याकडे सॅनिटरीवेअरच्या दुकानात जकूझी म्हणून जे दाखवतात, तो बहुतेक वेळा जेट लावलेला बाथटब असतो. गिझरच्या पाण्याने भरायचा, अंघोळ झाली की सोडून द्यायचा. त्यात फिल्टर नसतो आणि बऱ्याचदा हीटरही नसतो. हॉट टबात हजार-बाराशे लिटर पाणी तीन-चार महिने तेच राहतं. ते गरम राहायला हवं, गाळून निघायला हवं आणि झाकून ठेवता यायला हवं. दुकानात पहिला प्रश्न हाच करा: यात हीटर आणि फिल्टर आहे का? उत्तर अडखळत आलं, तर चहा पिऊन निघा.

ठाण्याच्या उकाड्यात हे हवंच कशाला?

हा प्रश्न बहुधा घरातली आजी विचारते आणि तो रास्त आहे. नुसतं गरम पाण्यात बसायचं असेल तर भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी-अकलोलीला तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत, सकाळी लवकर निघून एकदा जाऊन या.

तरी घ्यायचाच असेल तर एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती ऐका. बहुतेक टब थंड देशांसाठी बनतात. चांगलं इन्सुलेशन असलेला टब मे महिन्यात झाकून ठेवला, तर पंपाच्या स्वतःच्या उष्णतेनेच पाणी हळूहळू चढत जातं. हीटर बंद आणि थर्मामीटर ४० अंशांवर, असे फोन मला दर उन्हाळ्यात येतात. म्हणून फिल्टरचा पंप किती वेळ चालावा हे तास ठरवून कमी करता येतं का आणि टबाच्या बाजूच्या पॅनलमध्ये हवा खेळायला जाळी आहे का, हे विचारा. नॉर्वेत जे कौतुकाचं असतं ते कळव्यात त्रासाचं ठरू शकतं.

शोरूममध्ये सगळ्यात आधी काय बघू?

बाजूचं पॅनल उघडायला सांगा. टबाला कडेने जो लाकडासारखा दिसणारा घेर असतो, त्यातला एक भाग स्क्रूवर निघतो. त्यासाठी सेल्समनने वरिष्ठांना फोन लावला, तर समजा की आजपर्यंत कोणी उघडायला सांगितलेलं नाही.

उघडलं की गुडघ्यावर बसा आणि मोबाइलची बॅटरी लावा. समोर पंप दिसेल. पंपाच्या आत-बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांवर हाताने फिरवायचे मोठे नट, म्हणजे युनियन आहेत का? आणि त्यांच्या मागे बंद करायचे व्हॉल्व्ह? हे असतील तर उद्या पंप बदलायला वीस मिनिटं आणि दोन बादल्या पाणी लागेल. नसतील तर पूर्ण टब रिकामा करून पाइप करवतीने कापावा लागेल. व्हॉल्व्ह वगळून कंपनी फार थोडे पैसे वाचवते, पण तेवढ्यावरून तिची वृत्ती कळते.

मग पाइप बघा. जाड पीव्हीसीला सोल्युशन लावून जोडलंय, की पारदर्शक लवचीक नळ्या क्लिपांनी आवळल्यात? जेटपर्यंत जाणाऱ्या शेवटच्या बारीक नळ्या लवचीक असतात, त्यात गैर काही नाही. पण त्यांना क्लिप हवी आणि नळी हवेत लोंबकळत नसावी. पंप चालू असताना एका नळीवर हात ठेवा. ती थरथरत असेल तर दोन पावसाळ्यांत तिचा सांधा सुटेल.

शेवटी कंट्रोल बॉक्स कुठे आहे ते बघा. तो तळाला टेकलेला असेल तर पाणी साचलं की आधी तोच भिजणार. वायर आत जाण्याच्या भोकाला रबरी ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणारं बूच हवं. ते नसेल तर मुंग्या आणि पाली आत जातात. हसू नका. एसीच्या बाहेरच्या युनिटचं सर्किट बोर्ड पालीमुळे जळतं तसंच इथेही जळतं, आणि फार्महाउसवर तर पालींना आमंत्रणच लागत नाही.

शेल कशाचं चांगलं?

शेल म्हणजे ज्यात आपण बसतो ते टबाचं भांडं. ॲक्रिलिकचा पत्रा गरम करून साच्यात ओढतात आणि मागून फायबरग्लासचा थर देतात. घरगुती हॉट टबात हेच सर्वात चालणारं. पत्रा साच्यात ताणला जातो, त्यामुळे खोल कोपऱ्यांत आणि पायाच्या खड्ड्यात तो पातळ होतो. म्हणून शोरूममधला माणूस जिथे हात फिरवतो तिथे तपासून उपयोग नाही. आत उतरा (चप्पल काढून), टाचेने तळ दाबा. तळ खाली-वर हलला किंवा पोकळ आवाज आला तर आधार कमी आहे. मग पायाच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात मागून बॅटरी धरायला सांगा, उजेड आरपार दिसायला नको.

गेलकोटवाले (वरून चकचकीत रेझिनचा थर दिलेले) फायबरचे टब स्थानिक कारखान्यांत बनतात आणि स्वस्त पडतात. पोहण्याच्या तलावाला ते चालतं, पण सतत गरम पाण्यात गेलकोटला फोड येऊ शकतात. एक पर्याय मला मनापासून आवडतो: पॉलिथिलीन साच्यात फिरवून केलेला टब, आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा. दिसायला रुबाब नाही, पण आपटला तरी तडा जात नाही. पाहुण्यांना भाड्याने द्यायचं घर असेल तर तोच घ्या.

ऐंशी जेटचा चांगला की चाळीस जेटचा?

जेट मोजणं म्हणजे स्वयंपाकघरात वाट्या मोजून जेवण ठरवणं. भाजी पातेल्यात जेवढी तेवढीच. एका पंपावर पन्नास जेट असले तर प्रत्येकातून कारंजं निघेल, पण पाठीला काही जाणवणार नाही.

पंपाची ताकद तरी खरी असते का? डब्यावर पाच एचपी लिहिलेलं असतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. आता पंपाच्या अंगावरची छोटी पट्टी वाचा. २३० व्होल्ट, ८ अँपिअर असं काहीसं दिसेल. गुणाकार करा: १८४० वॅट. एवढीच वीज आत जाते, मग बाहेर अडीच एचपीसुद्धा निघणार नाही. मोटार सुरू होण्याच्या क्षणी ती जी ओढ घेते, तो आकडा जाहिरातीत ‘पीक’ म्हणून छापतात. पट्टीचा फोटो काढून घ्या, तो खरा आकडा.

बाहेरून आलेला टब चांगला असणारच ना? न्हावा-शेवाला थेट कंटेनर उतरतो.

कंटेनर उतरतो, पण सुट्टे भाग मागाहून वेगळ्या जहाजाने येतात, ही अडचण आहे. शिवाय अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. तिकडची मोटार इथे सहाव्या भागाने हळू फिरते, आणि तापतेही. तिकडे १२० आणि २४० व्होल्ट एकाच टबात असतात. पाणी शुद्ध ठेवणारं ओझोनचं यंत्र १२० वर आणि हीटर २४० वर असं असलं तर आपल्या २३० व्होल्टला पहिल्याच दिवशी धूर निघतो.

यात मी स्वतः पोळलोय. मुरबाडकडच्या एका फार्महाउसवर असाच टब आला. घरमालकांना मीच म्हणालो होतो, ‘काळजी नको, चालेल.’ वायरमनने बटण दाबलं, बोर्डातून ‘ठप्प’ असा आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास. विकणाऱ्याने हात वर केले. नवा बोर्ड यायला गणपती ते दिवाळी एवढा वेळ गेला आणि तेवढे दिवस टबात बेडूक राहिले. तेव्हापासून मी आधी पट्टी वाचतो, मग तोंड उघडतो.

युएल किंवा ईटीएलचं चिन्ह अमेरिकेतल्या तपासणीचं. टबांसाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आयईसी ६०३३५-२-६० आहे. त्याप्रमाणे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर तपासल्याचा कागद मागा.

विजेचं बिल किती येईल?

महावितरणचा दर वापर वाढला की चढत्या टप्प्यांनी लागतो. त्यामुळे मी रुपये सांगत नाही, युनिट सांगतो. बाराशे लिटर पाणी एक अंश गरम करायला साधारण १.४ युनिट लागतात. नळाचं पाणी २६ अंशांवर असेल आणि ३८ पर्यंत न्यायचं असेल तर सुमारे १७ युनिट, म्हणजे ३ किलोवॅटच्या हीटरला साडेपाच-सहा तास. ‘अर्ध्या तासात गरम’ असं कोणी म्हणालं, तर गुणाकार त्याच्यासमोर करून दाखवा.

यातूनच इन्सुलेशनची परीक्षा निघते. विकणाऱ्याच्या आधीच्या गिऱ्हाइकाकडे जा. रात्री हीटर बंद करून झाकण लावा, तापमान लिहा, सकाळी परत बघा. तीन अंश उतरलं तर रात्रीत चार युनिटांहून जास्त गेली. सगळी पोकळी फोमने भरलेला टब उष्णता चांगली धरतो, पण आत गळती झाली की फोम खरवडून ती शोधावी लागते. आपल्या हवेत मला भिंतींना आणि झाकणाला फोम, आणि पाइपांकडे मोकळी जागा अशी रचना पटते. यावर माझं आणि एका मित्राचं गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे.

घरात वायरिंग नवं लागेल, ते टबाच्या किमतीत धरा. हीटर आणि पंप मिळून वीस अँपिअरच्या वर जातात, म्हणजे गिझरच्या प्लगवर हे चालणार नाही. मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच. ओल्या अंगाच्या माणसाला वाचवणारी ती एकच वस्तू आहे, तिथे पैसे वाचवू नका.

झाकणात बघण्यासारखं काय आहे?

झाकण दोन हातांनी उचला आणि वजन लक्षात ठेवा. आतला थर्माकोल प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद असतो. पिशवी पातळ असेल किंवा शिवण टाकताना फाटली असेल, तर वाफ आत शिरते आणि वर्ष-दीड वर्षात तेच झाकण उचलायला दोन माणसं लागतात. चेन उघडून पिशवी बघायची परवानगी मागा. मधून उतार हवा, नाहीतर जुलैत त्यावर तळं साचतं. आणि कुलूप लागणारे पट्टे हवेत, घरात लहान मूल असेल तर हे सर्वात महत्त्वाचं.

आमच्याकडे टँकरचं पाणी येतं. टबाला चालतं?

टबाची खरी परीक्षा पाणीच घेतं. मोरबे, भातसा किंवा बारवी धरणाचं महापालिकेचं पाणी मऊ असतं. टँकरमध्ये बोअरचं पाणी असलं तर क्षार जास्त, आणि ते हीटरच्या नळीवर गिझरच्या कॉइलसारखे बसतात. कडकपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात, दहा लाख भागांत १५० ते २५० असा आकडा टबाला मानवतो. फार मऊ पाण्यालाही फेस येतो, म्हणून सॉफ्टनर लावून आकडा शून्यावर नेऊ नका.

खरेदीच्या वेळी याचा उपयोग असा: हीटरची नळी कोणत्या धातूची ते विचारा. वाशी-ऐरोलीसारख्या खाडीजवळच्या हवेत आणि क्लोरीनच्या पाण्यात साधं ३०४ स्टेनलेस स्टील डाग धरतं, ३१६ बरं. टायटॅनियम असेल तर विकणारा न विचारता सांगेलच. फिल्टरचं कार्ट्रिज जगात सगळीकडे मिळणाऱ्या मापाचं आहे का तेही बघा. ‘आमच्याकडेच मिळेल’ हे उत्तर महागात पडतं.

ओझोन किंवा यूव्ही असलं की क्लोरीन लागत नाही, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोमट पाण्यात लेजिओनेला आणि स्यूडोमोनास हे जंतू मजेत वाढतात. क्लोरीन निदान दहा लाखांत ३ भाग आणि पीएच ७ ते ७.८ राखावाच लागतो. ओझोनने काम हलकं होतं, एवढंच.

गच्चीवर ठेवला तर इमारत तोलेल?

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. हिशोब सोपा आहे. पाणी १२०० किलो, टब ३००, पाच माणसं ३५०, एकूण १८५० किलो. टबाची जागा साधारण ४.४ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ४२० किलोच्या आसपास. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात घराच्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात आणि माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी १.५. म्हणजे भार दुपटीहून जास्त. टब ठेवणं अशक्य नाही, पण तुळया कुठे आहेत हे कागदावर बघून जागा ठरवावी लागते.

गच्ची बहुतेक वेळा सोसायटीची असते, तुमच्या फ्लॅटला लागून असली तरी. लेखी एनओसी घ्या. ‘अध्यक्ष आपलेच आहेत’ हे पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतं. आणि टब लिफ्टमध्ये मावत नाही, क्रेन लागते, हे ऐकून बरेच जण बाथटबावर समाधान मानतात.

हवा भरायचा टब कसा?

एक हिवाळा चालवून बघायला ठीक. खाली फरशी गुळगुळीत हवी आणि उंदीर नसावेत.

जुना टब स्वस्तात मिळतोय, घेऊ?

पाण्याने भरलेला आणि गरम स्थितीत बघायला मिळत असेल तरच. कोरडा टब सगळ्यांचाच सुंदर दिसतो. जाऊन आधी वास घ्या. मग जेट सुरू करून पहिला मिनिटभर पाण्यावर काय येतं ते बघा. तपकिरी पापुद्रे आले तर पाइपांच्या आत बुरशी-जंतूंचा थर आहे. तो काढता येतो, पण किमतीतून तेवढे कापून घ्या. पॅनलच्या आत खालच्या कडेला पांढऱ्या क्षाराची रेघ दिसली तर तिथे कधीतरी पाणी साचत होतं, विकणारा काहीही म्हणो.

मुलं आणि वडीलधारी बसणार आहेत. काय तपासू?

पाणी ओढून घेणारी जाळी. टबाच्या तळाशी किंवा पायाजवळ निदान दोन असाव्यात आणि एकमेकींपासून दूर, म्हणजे एक झाकली गेली तरी दुसरीतून पाणी जाईल. जाळी फुगीर हवी, सपाट नको, आणि स्क्रूने घट्ट. २००२ मध्ये अमेरिकेत ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबाच्या अशाच तोंडाशी ओढली जाऊन बुडाली. तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये जाळ्यांचा कायदा झाला. म्हणून जाळी हलवून बघायला लाजू नका.

तापमान ४० अंशांच्या वर जाऊ न देणारं कुलूप कंट्रोलमध्ये हवं. मोठ्यांनीही पंधरा-वीस मिनिटांत बाहेर यावं. गरोदर बाई, हृदयविकार किंवा बीपी असलेली माणसं यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, लहान बाळांना उतरवूच नये.

दुकानात पाण्यात बसून बघायचं म्हणजे जरा अतिच नाही का?

गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेता, मग यात लाज कसली? टॉवेल आणि बदलायचे कपडे घेऊन जा. ज्या आसनात बसल्यावर पाय वर तरंगतात आणि पाठ जेटपासून सुटते, ते आसन तुम्ही घरी कधीच वापरणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना परदेशी मापाच्या खोल आसनात पाणी हनुवटीला लागतं, म्हणून घरातल्या सर्वात बुटक्या आणि सर्वात उंच माणसाला दोघांनाही न्या. पंप पूर्ण जोरात असताना साध्या आवाजात बोलून बघा. ओरडावं लागलं तर रात्री शेजारचे काका दार वाजवणार.

वॉरंटी दहा वर्षांची म्हणतात.

कशाची, ते वाचा. दहा वर्षं बहुधा शेलच्या ढाच्याची असतात. पंप, हीटर आणि बोर्डाची एक किंवा दोन. बिघडतात हेच. कारागिराचा येण्याचा खर्च कोणाचा, तो ठाण्यातून येतो की दिल्लीहून, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्द फिरला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, पण तिथेही कागदच बोलतो.

डिलिव्हरीच्या दिवशी काय करू?

माणसं घाईत असतात, चलनावर सही मागतात. सहीच्या वर ‘पाणी भरून तपासायचं बाकी’ असं स्वतःच्या हाताने लिहा. टब भरा, ३८ अंशांपर्यंत नेऊन रात्रभर ठेवा. पॅनल उघडून पंपाखाली आणि कंट्रोल बॉक्सखाली जुनं वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागद कोरडा असेल तर उरलेले पैसे द्या. ओला असेल तर फोटो काढा, पॅनल उघडंच ठेवा आणि आधी विकणाऱ्याला फोन करा, मला नंतर.